दुखवट्याचे आठ गुरुवार

"मास्तर, मुलं कुठे आहेत?"

मामलेदारांनी मला हे विचारलं तेव्हा गव्हर्नरसाहेबांची लाँच मुरडबंदरच्या नव्या धक्क्याला लागत होती. बँडवाल्यांनी तोंडं फुगवली होती. वाळूत रोवलेली ऐंशी कागदी निशाणं वाऱ्यावर फडफडत होती आणि त्यांच्यामागे एकही मूल नव्हतं.

"घरी पाठवली," मी म्हणालो.

"घरी? कुणाच्या परवानगीने?"

"माझ्याच. सकाळी आठपासून उभी होती. आता साडेअकरा झाले. दोघींना घेरी आली, एकाने माझ्या धोतरावर ओकारी केली. म्हटलं, निशाणं साहेबांसाठी राहू देत, मुलं त्यांच्या आयांना परत करावीत."

मामलेदार काही बोलणार तोच लाँचमधून गव्हर्नरसाहेब उतरले. मुलांचं गाणं ऐकायचं म्हणून त्यांनी टोपी काढून हातात घेतली होती. समोर नुसती निशाणं बघून त्यांनी ती परत डोक्यावर ठेवली.

खरं तर चूक ओहोटीची होती. बंदरावरचे म्हातारे आबा तांडेल आदल्या दिवशीच कचेरीत सांगून आले होते, की अकराच्या आत लाँच खाडीत शिरायची नाही, वाळूत बसेल. पण गव्हर्नरांचा कार्यक्रम मुंबईत छापून आला होता, त्याला आबा काय करणार? लाँच वाळूत बसली, साहेब लाँचमध्ये बसले आणि मुलं उन्हात उभी राहिली.

मी तेव्हा सव्वीस वर्षांचा होतो. नगरपालिकेच्या शाळेत चौथीचा वर्ग माझ्याकडे होता. मुलांना अपूर्णांक नुकते समजू लागले होते. अपूर्णांक ज्या दिवशी समजतात, त्या दिवशी मुलांच्या तोंडावर जो उजेड येतो, तो बघायला मी फुकटसुद्धा शिकवलं असतं. दुसरं मला काही येत नव्हतं आणि यावं असंही वाटत नव्हतं.

पंधरा दिवसांनी सरकारचं पत्र आलं. दामोदर शेट्ये या शिक्षकाने सम्राटांच्या प्रतिनिधीचा जाणूनबुजून अपमान केला आहे. नगरपालिकेने पुढच्या सभेत ठराव करून त्याला बडतर्फ करावं. तसा ठराव नामंजूर झाल्यास नगरपालिका बरखास्त करून कारभार सरकारी अधिकाऱ्याकडे देण्यात येईल. बडतर्फ झालेल्या मास्तराला त्या काळी इलाख्यातल्या कुठल्याही शाळेची पायरी चढता येत नसे.

आमचे अध्यक्ष तात्यासाहेब खांबेटे वकील. त्यांनी पत्र मला वाचून दाखवलं आणि चष्मा कपाळावर सरकवला.

"पेच बघा कसा घातलाय. हो म्हटलं तर तुम्ही जाता. नाही म्हटलं तर आम्ही जातो आणि आमच्या जागी येणारा अधिकारी दुसऱ्या दिवशी तुम्हाला काढतो."

"मग?"

"मग हो म्हणायचं नाही आणि नाहीही म्हणायचं नाही. गव्हर्नरांची मुदत मार्चअखेर संपते. शेवटच्या सोमवारी बोटीत बसतात. नवा साहेब आल्याआल्या जुन्या साहेबाचे रुसवे काढत बसत नाही. आपल्याला आठ गुरुवार काढायचेत."

नगरपालिकेची सभा गुरुवारी भरे. सभासद नऊ. पाच लोकांनी निवडून दिलेले, चार सरकारने नेमलेले. निवडून आलेल्यांत तात्यासाहेब, गलबतांचे मालक दाऊदशेठ मुकादम, कोळीवाड्याचे हरी नाखवा आणि बाजारपेठेतले दोघे. नेमलेल्यांचे पुढारी रावसाहेब सबनीस. वय सत्तर, डोक्याला जरीची पगडी, छातीवर दरबारात मिळालेलं पदक. यंदा रावसाहेबाचे रावबहादूर होणार, अशी गावात बोलवा होती. त्यांनी शिंप्याकडे नवा कोटही टाकला होता.

आणि सभेचं वृत्त लिहायला मी. आमच्या चिटणीसांचे डोळे अधू झाले होते आणि माझं अक्षर बरं होतं म्हणून सकाळची शाळा सुटल्यावर गुरुवारी ते काम माझ्याकडे येई. त्यामुळे विषयपत्रिकेवर 'विषय चौथा: दामोदर शेट्ये यांस बडतर्फ करणे' हे मी स्वतःच्या हाताने लिहिलं. एकदा नाही, आठ वेळा.

पहिल्या गुरुवारी सभेला बसताना रावसाहेबांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"मास्तर, मनाला लावून घेऊ नका हं. तुमच्याशी माझं काही वाकडं नाही. पण सरकारने सांगितलं म्हणजे सांगितलं."

"मी कुठे काय म्हणतोय, रावसाहेब?"

"म्हणूही नका. लिहा."

तात्यासाहेब उभे राहिले. "कामाला सुरुवात करण्याआधी सभेला कळवायला वाईट वाटतं, की आपल्या गावचे पेन्शनर मामलेदार दातार परवा निवर्तले. मी दुखवट्याचा ठराव मांडतो. त्यांच्या सन्मानार्थ आजची सभा तहकूब करावी."

रावसाहेब गोंधळले. दातार सरकारी माणूस, त्यांचे दोस्त. नाही कसं म्हणणार? सगळे दोन मिनिटं उभे राहिले आणि सभा संपली. दुखवट्याचा ठराव झाला की त्या दिवशी दुसरं काम करायचं नाही, हा आमच्या नगरपालिकेचा नियम. तो नियमही सरकारचाच. पूर्वी बादशहा वारले तेव्हा त्या वेळच्या कलेक्टरांनी घालून दिलेला. आणि तहकूब सभा परत बोलवायची तर सात दिवसांची नोटीस द्यावी लागे.

दुसऱ्या गुरुवारी तात्यासाहेब परत उभे राहिले. "कळवायला वाईट वाटतं, की तुका कंदीलवाले निवर्तले."

आता मात्र रावसाहेब ताडकन उठले. "हरकत! तुका कंदीलवाला? रस्त्यावरचे दिवे लावणारा? तो काय मान्यवर?"

"नियमात 'मान्यवर' म्हणजे कोण ते लिहिलेलं नाही," तात्यासाहेब म्हणाले. "सभेने मानलं की मान्यवर. मत घेतो."

पाच विरुद्ध चार. सभा तहकूब.

रावसाहेबांनी त्याच संध्याकाळी कलेक्टरांना लिहिलं. आठवड्याच्या आत कलेक्टरांचं परिपत्रक हजर. दुखवट्याचा ठराव गावात राहणाऱ्या आणि मागच्या सभेनंतर मृत झालेल्या व्यक्तीसाठीच मांडता येईल. शिवाय निदान एका सभासदाने त्या व्यक्तीच्या कार्याविषयी स्वतःच्या माहितीने भाषण केलं पाहिजे. ही शेवटची अट रावसाहेबांची. त्यांचा हिशेब सोपा होता. कंदीलवाल्यावर आणि पाणक्यावर कोण काय बोलणार? दोन वाक्यांत गाडी अडेल, ठराव बारगळेल.

तिसऱ्या गुरुवारी निवर्तली भागी सुईण.

तात्यासाहेबांनी ठराव मांडला आणि खाली बसले. बोलायला कोणी उठेना. दाऊदशेठ हरी नाखव्यांकडे बघत होते, हरी नाखवे छताकडे. भागी सुईण सगळ्यांना माहीत होती. पण सभेत, टेबलाशी, पंख्याखाली उभं राहून सुईणीबद्दल बोलायचं म्हणजे पुरुषमाणसांची पंचाईत.

"कोणी बोलणार आहे का?" तात्यासाहेबांनी विचारलं. कपाळावर घाम.

"नसेल तर विषय पुढे घ्या," रावसाहेब म्हणाले. मग थांबले. काठी टेकून हळूहळू उभे राहिले. मला वाटलं, हरकत घेणार.

"म्हणजे अगदीच कोणी बोललं नाही, असं होऊ नये," ते म्हणाले. "माझी धाकटी मुलगी पायाळू. तिच्या वेळी बायको रात्रभर अडून राहिली होती. सिव्हिल सर्जनला बोलवायला मी घोडा पाठवला, तो आला तिसऱ्या दिवशी. ही बाई मात्र खाडी पोहून आली. तरीची होडी नव्हती. श्रावण होता. ओलीचिंब. दारात उभी राहून मला काय म्हणाली? म्हणाली, 'रावसाहेब, तुम्ही मध्ये लुडबुडू नका. अंगणात जाऊन उभे राहा.' मला! मी उभा राहिलो, महाराज. पावसात."

कोणीतरी हसलं. रावसाहेबही हसले. मग वीस मिनिटं बोलत राहिले. या टेबलाभोवतीचे किती सभासद तिच्या हातावर जन्माला आले, ते त्यांनी बोटाने दाखवून मोजलं. सहा निघाले. खाली बसताना त्यांनी उपरण्याने डोळे पुसले.

"मत घेतो," तात्यासाहेब म्हणाले. "ठरावाच्या बाजूने?"

पाच हात वर.

"विरुद्ध?"

रावसाहेबांचा हात सगळ्यांत आधी वर.

"अहो रावसाहेब!" दाऊदशेठ ओरडलेच. "आत्ता रडत होता ना तुम्ही?"

"भाषण माझं," रावसाहेब म्हणाले. "मत सरकारचं."

त्यानंतर दर गुरुवारी हेच. गावात सात हजार वस्ती. आठवड्याला एखादं माणूस जाणारच. चौथ्या गुरुवारी बग्गीवाला इब्राहीम. पाचव्याला देवळापुढे बसणारा आंधळा सनईवाला. सहाव्याला चंद्री कोळीण, जी बाजारात वजनात कधी मारत नसे पण तोंडाने सगळ्यांना मारी. रावसाहेब गावातले सगळ्यांत जुने. प्रत्येकाची काही ना काही गोष्ट त्यांच्याकडे असे. आधी ते फक्त पुरवणी जोडत. मग लोक त्यांच्याकडेच बघू लागले. सहाव्या गुरुवारी तर घरून टिपण काढून आणलं होतं. चंद्रीने एकदा त्यांना भर बाजारात "ए पगडी, पुढे सरक" असं म्हटल्याचं त्यांनी इतक्या अभिमानाने सांगितलं, की ते पदक सरकारने दिलं की चंद्रीने, असा प्रश्न पडावा.

आणि भाषण संपलं की हात विरुद्ध.

गावाला हे कळायला वेळ लागला नाही. सभेच्या खिडक्यांशी गर्दी होऊ लागली. इब्राहीमची बायको बुरख्यात येऊन उभी राहिली होती. ठरावाची एक प्रत मागून नेली. "घरात लावते," म्हणाली. मी रात्री बसून तिच्यासाठी ठळक अक्षरांत लिहून दिली. नंतर सगळ्यांच्याच घरून मागणी आली. चौथीतल्या मुलांना मी सुवाच्य अक्षर काढायला तेच ठराव दिले. मुलांचं अक्षर सुधारलं आणि गावात भिंतीभिंतीवर दुखवटे लागले.

मला मात्र सुखाची झोप नव्हती. दर आठवड्याला कोणीतरी मरायचं आणि माझी नोकरी वाचायची, ही काही चांगली गोष्ट नव्हे. माझी बायको जानकी म्हणायची, "असल्या गोष्टीची वाट बघू नये हो." मी वाट बघत नव्हतो. पण बुधवार आला की आपोआप कानोसा घेई.

सातवा गुरुवार पाणक्या रामाने निभावून नेला. आठव्या आठवड्यात गावाची तब्येत ठणठणीत झाली.

सोमवार गेला, मंगळवार गेला, कोणाला साधी शिंकही येईना. डॉक्टर दिघ्यांना लोक रस्त्यात थांबवून विचारत, "काय डॉक्टर, फारच गुण यायला लागलाय हल्ली?" डॉक्टर वैतागून म्हणत, "मी काय करू? पेशंटच नाहीत!"

आबा तांडेलांचं वय एक्याण्णव. महिनाभर अंथरुणाला खिळलेले. बुधवारी सकाळी मी चार मोसंबी घेऊन त्यांच्याकडे गेलो. खरं सांगायचं तर कशासाठी गेलो ते माझं मलाच सांगवत नव्हतं.

आबांनी एक डोळा उघडला. "मास्तर आला काय! म्हणजे गुरुवार जवळ आला वाटतं."

मी मेल्याहून मेल्यासारखा झालो. "नाही हो आबा, सहजच आलो. प्रकृती कशी आहे?"

"काल दाऊदशेठ आला, केळी घेऊन. परवा तो वकील आला, मध घेऊन. आठ दिवसांत इतकं खाल्लं, की अंगात ताकद आली. बस. तुझी नोकरी उद्या ठरणार ना रे?"

"हो."

"मी करतो प्रयत्न," आबा गंभीरपणे म्हणाले. "पण माझा भरवसा धरू नको. मला भूक लागते."

मी तिथून उठलो तो सरळ तात्यासाहेबांच्या घरी गेलो आणि राजीनामा लिहून त्यांच्यापुढे ठेवला. निदान बडतर्फीचा शिक्का तरी बसणार नाही. त्यांनी तो वाचला आणि चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं.

"सात माणसं एवढ्या वेळेवर गेली, मास्तर. त्यांना तोंड काय दाखवाल?" आणि कागद फाडून टाकला.

पण त्यांचाही चेहरा उतरलेला होता. हरी नाखवे तीन दिवसांपूर्वी दर्यावर गेले होते, वारा पडल्याने परत येऊ शकत नव्हते. दाऊदशेठ मंगळवारी संध्याकाळी मुंबईच्या बोटीने गेले. त्यांचं गलबत तिकडे गोदीत अडकलं होतं. म्हणजे आपले उरले तीन आणि सरकारचे चार.

आठव्या गुरुवारी सभेला प्रांतसाहेब स्वतः हजर. पोरगेलासा इंग्रज, नाक उन्हाने लाल झालेलं. मराठीची परीक्षा नुकतीच पास झाला होता आणि ती वापरायची त्याला हौस होती. "गव्हर्नरमहोदय सोमवारी प्रस्थान करणार," तो म्हणाला. "विषय चौथा यावरील निर्णय मी आज तारेने कळवणार. कृपया प्रारंभ व्हावा."

खिडक्यांत माणसं दाटली होती.

तात्यासाहेब उठले. "काम सुरू करण्याआधी, कोणाला दुखवट्याचा ठराव मांडायचा आहे?"

बाजारपेठेतले दोघे एकमेकांकडे बघत राहिले.

"कोणालाच नाही?"

मी टाक दौतीत बुडवला. माझ्या मनात, का कोण जाणे, चौथीतली यमू होती. तिला दोन तृतीयांश आणि तीन चतुर्थांश यांतलं मोठं कोणतं, हे अजून नीट कळत नव्हतं. उद्या भाकरीचे तुकडे करून दाखवायचं मी तिला कबूल केलं होतं. उद्या माझ्या जागेवर कोण उभं असेल आणि त्याला भाकरीचं सुचेल का, हे माझ्या डोक्यात चाललं होतं.

"तर मग विषय पहिला," तात्यासाहेबांचा आवाज कसातरीच आला.

"थांबा."

रावसाहेब काठी टेकून उभे राहिले होते.

"सभेला कळवायला मला अत्यंत दुःख होतं, की आबा तांडेल आज सकाळी निवर्तले."

खिडक्यांतून एकदम हळहळ उठली. प्रांतसाहेबाने चमकून रावसाहेबांकडे पाहिलं. हा तर आपलाच माणूस!

रावसाहेब बोलू लागले. आबा तांडेलांनी साठ वर्षं या खाडीतून गलबतं आत आणली आणि बाहेर काढली. एका वादळात सरकारी टपालाची बोट वाचवली. सरकारने कप्तानाला पदक दिलं, आबांना कोणी विचारलं नाही. "आणि गव्हर्नरसाहेब येणार त्याच्या आदल्या दिवशी," रावसाहेब म्हणाले, "हा माणूस नव्वदी ओलांडलेला, चालत कचेरीत गेला. ओहोटी आहे, लाँच अडकेल, म्हणून सांगायला गेला. त्याला बसायला खुर्चीसुद्धा दिली नाही. मीच तिथे बसलो होतो. मीही उठलो नाही. ऐकलं असतं तर साहेबांचा वेळ गेला नसता आणि मुलं उन्हात तापली नसती. बाकी मग काहीच घडलं नसतं."

खाली बसताना ते माझ्याकडे मुळीच बघत नव्हते.

"मत घेतो," तात्यासाहेब पुटपुटले. "ठरावाच्या बाजूने?"

तीन हात वर गेले. आणि मग चौथा. रावसाहेबांचा.

"विरुद्ध?"

बाकीच्या तिघा नेमलेल्या सभासदांनी आपापसात पाहिलं. हात वर केले, पण अर्धेच.

"चार विरुद्ध तीन. सभा तहकूब. सर्वांनी दोन मिनिटं उभं राहावं."

प्रांतसाहेबही उभा राहिला. टोपी काढली, मान खाली घातली. चांगल्या घरचा मुलगा असावा. एवढंच नव्हे, मंडळी आबांच्या घराकडे निघाली तेव्हा तोही निघाला. "अंतिम दर्शन घेणे योग्य," म्हणाला. वाटेत कोणीतरी त्याच्या हातात झेंडूची फुलं दिली. पन्नास-साठ माणसं, पुढे तात्यासाहेब, मध्ये तांबड्या नाकाचा इंग्रज, सगळे गंभीर.

आबांच्या घराच्या कोपऱ्यावर वळलो आणि मिरवणूक थबकली.

आबा तांडेल पडवीत भिंतीला टेकून बसले होते. पुढ्यात पेजेची थाळी आणि भाजलेला सुका बांगडा. एवढी माणसं बघून त्यांनी घास तोंडात तसाच ठेवला.

"हे कोण?" प्रांतसाहेबाने मला विचारलं.

"हे... मृत व्यक्ती, साहेब."

"सलाम साहेब," आबा म्हणाले. "बसा. जेवणार?"

प्रांतसाहेबाने आबांकडे पाहिलं, हातातल्या फुलांकडे पाहिलं. मग मान ताठ केली. "हे मृत नाहीत! म्हणून तहकुबी अवैध आहे. सभा पुन्हा भरवा. आत्ता!"

तात्यासाहेब अगदी नम्रपणे म्हणाले, "अवश्य, साहेब. ठराव चुकीचा होता हे मान्य. तो रद्द करायला सभा बोलावतो. फक्त नियमाप्रमाणे सात दिवसांची नोटीस."

प्रांतसाहेब बोटांवर मोजू लागला. शुक्रवार, शनिवार, रविवार, सोमवार. सोमवारी बोट. मोजता मोजता त्याचे ओठ थरथरले आणि त्याने घाईघाईने समुद्राकडे तोंड फिरवलं. त्याचे खांदे बराच वेळ हलत होते. मग वळून त्याने फुलं आबांच्या हातात दिली, कडक आवाजात "रावसाहेब सबनीस यांनी उद्या लेखी खुलासा द्यावा" असं म्हणाला आणि निघून गेला. पोस्टमास्तरांनी नंतर गुपचूप सांगितलं, की त्याने मुंबईला केलेली तार एवढीच होती: सभा तहकूब. मृत व्यक्तीची प्रकृती उत्तम.

लोक हसत पांगले. मी पडवीत मागे राहिलो.

"आबा, रावसाहेबांना कोणी सांगितलं हो तुम्ही गेलात म्हणून?"

"कोण सांगणार?" आबांनी बांगड्याचा काटा काढला. "तोच तर आला होता सकाळी. माझ्यासंगं बसून पेज प्यायला. दोनदा वाढून घेतली. जाताना म्हणाला, 'आबा, आज दुपारपर्यंत बाहेर बसू नका. एवढं ऐका.' मी ऐकलं. पण दुपार झाल्यावर मी कशाला आत बसू?"

दुसऱ्या दिवशी सकाळी मी वर्गात भाकरी घेऊनच उभा होतो. दारात काठीचा आवाज आला. मुलं धडपडून उभी राहिली. रावसाहेब आत आले, मागच्या बाकावर मुलांच्यात बसले, आणि त्या लहान बाकात त्यांचे गुडघे हनुवटीशी आले.

"मास्तर, कागद घ्या. खुलासा लिहायचाय. तुमचं अक्षर सरकारला वाचता येतं."

मी कागद घेऊन त्यांच्याशेजारी बसलो.

"लिहा. 'मी आता वृद्ध झालो आहे. मला दिसत कमी आहे. सदर इसम झोपलेला असता तो मृत आहे असा माझा समज झाला. माझ्या या मूर्खपणाबद्दल क्षमा असावी.'"

माझा टाक थांबला. "रावसाहेब, मला आबांनी सांगितलंय. तुम्ही त्यांच्याबरोबर बसून पेज प्यायलात."

"आबाच्या तोंडात तीळ भिजत नाही," ते चिडून म्हणाले. "लिहा तुम्ही. मूर्खपणाबद्दल."

"'मूर्खपणा' नको हो. 'चूक' लिहितो."

"मूर्खपणा लिहा. चूक म्हटलं की चौकशी होते. मूर्खपणाची चौकशी होत नाही."

"पण हे वाचल्यावर तुमची ती पदवी..."

"जाईल. कोट शिवून झालाय, तो लग्नाकार्यात घालीन."

मी लिहिलं. त्यांनी सही केली, वळणदार, पूर्ण नावाची. मग काठीवर दोन्ही हात ठेवून ते थोडा वेळ वर्गाकडे बघत बसले. मी काहीच विचारलं नव्हतं, तरी खालच्या आवाजात म्हणाले, "पहिल्या गुरुवारी सभा चालली असती ना मास्तर, तर मी तुम्हाला काढून सरळ घरी जेवायला गेलो असतो. काही वाटलं नसतं. पण मग पाच गुरुवार मी उभं राहून गेलेल्या माणसांचं चांगलं तेवढं आठवत बसलो. सवय लागते हो त्याची. परवा रात्री, उद्या विषय चौथ्याला हात वर करायचाय असं मनाशी म्हणत होतो, आणि तुमच्याबद्दलही तसलंच काहीतरी आठवायला लागलं. जिवंत असताना!"

ते उठायला लागले, पण बाकातून गुडघे निघेनात. दोन मुलांनी धरून त्यांना बाहेर काढलं. पगडी सरळ करून त्यांनी माझ्या टेबलाकडे पाहिलं.

"आणि ही भाकरी कशाला आणलीय वर्गात?"

"यमूला दोन तृतीयांश आणि तीन चतुर्थांश दाखवायचेत."

"मग माझ्या तोंडाकडे काय बघता? दाखवा की."

मी भाकरी हातात घेतली. रावसाहेब दारातच थांबले होते. मोठा तुकडा कोणता, हे बहुधा त्यांनाही बघायचं होतं.